जुनी ठेवू की नवी

शनिवार रात्र. तुर्भे, शीतगृह क्रमांक सात.
आत उणे अठरावर वाटाणा, सुरमई,
कुणाच्या तरी लग्नाचं आइस्क्रीम.
बाहेर मी, एक खुर्ची,
आणि कपाटात घोंघावणारा सर्व्हर
जो दर मिनिटाला प्रत्येक खोलीचं तापमान लिहितो
आणि बिघडलं की कुणाला तरी उठवतो.

त्याला आज दहावरून बारावर न्यायचंय.
जिन्यानं. आधी अकरा,
तिथे दम खायचा, सगळं जागेवर आहे का बघायचं,
मग बारा.
पायरी गाळली की काय होतं
ते मी रबाळ्याला एकदा पाहिलंय,
सोमवारी सकाळी दहाला, चाळीस माणसांसमोर.

म्हणून ताकही फुंकून.
बॅकअप घेतला, आणि घेतला म्हणून विश्वास ठेवला नाही:
जुन्या लॅपटॉपवर उलगडून पाहिला,
तीन फायली उघडून वाचल्या.
मार्चमधली दुपार, खोली चार, उणे एकोणीस. बरोबर.
बदलांची टिपणं वाचली पेन्सिल घेऊन,
जसा आईनं कोपरखैरण्यात घराचा करारनामा वाचला होता
दलालाला घाम फुटेपर्यंत.
डिस्कवर जागा आहे. जुना कर्नल मेनूत राहू दिलाय.
कीबोर्ड थेट मशीनला, नेटचा भरवसा नको.
वॉचमन बसप्पा डोकावून म्हणाले,
मॅडम, ऑपरेशन आहे का कुणाचं?
हो, म्हटलं. पेशंटला जागं ठेवून.

अक्षरं धावू लागली, वर, वर, पडद्याबाहेर.
आणि मधेच थांबून
यंत्रानं अदबीनं विचारलं:
ही फाईल कुणीतरी हातानं बदललेली दिसते.
नवी आली आहे. जुनी ठेवू, की नवी घेऊ,
की फरक दाखवू?

फरक दाखव.

एकच ओळ. तिच्या डोक्यावर शेरा:
हे काढू नये. कारण आहे. प्र. मढवी.
तारीख नऊ वर्षांपूर्वीची, वेळ पहाटे चार.

कारण आहे!
कुठलं, ते लिहायला मात्र हात दुखला.

मढवी साहेब निवृत्त. दिवाळे गावात असतात.
पावणेदोनला फोन करावा का, याचा विचार
करत करतच लावला.
पहिल्या रिंगला उचलला. ओहोटी होती,
जाळं बघायला निघाले होते.
आठवत नाही गं पोरी, म्हणाले,
मागे चिखलात पाय उपसल्याचा आवाज.
त्या रात्री घरी गेलो नव्हतो एवढं आठवतं.
नातीचं बारसं होतं दुसऱ्या दिवशी.
मग थोडं थांबून:
जुनी ठेव. सापडलं कारण तर तू लिही.

जुनी ठेवली.

रीबूट. पडदा काळा.
या काळोखात माणूस नास्तिक राहत नाही.
कॉम्प्रेसर एकदा खाकरला. बसप्पा उगाच उभे राहिले.
एक मिनिट. दीड.
आणि डाव्या कोपऱ्यात, काही झालंच नाही अशा थाटात,
नाव विचारणारा कर्सर.

अकरा. पुढे बारालाही तोच प्रश्न, तेच उत्तर.
तेवढ्यात नोंदी चाळताना दिसलं:
खोली एक, दोन, तीन, पाच, सहा,
आणि सगळ्यांच्या मागून, सात सेकंद उशिरा,
खोली चार.
तिचा सेन्सर जुना, अडखळत बोलणारा.
नवी फाईल त्याच्यासाठी दोन सेकंद थांबते
आणि तो गेला असं समजते.
मढवींची ओळ दहा थांबते.

त्यांच्या शेऱ्याखाली मी लिहिलं:
चार नंबर सावकाश उत्तर देतो. थांबावं. ऋ. तांडेल.
तारीख टाकली. वेळ टाकली: चार दहा.
म्हणजे त्यांच्याहून दहा मिनिटं उशीर.

सहाला टेम्पो आला.
आइस्क्रीम निघालं ऐरोलीला.
लग्न कुणाचं, ते काही कळलं नाही.